शब्द त्याचा, तोंड माझं

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि माझ्या पोटात एखादी गोष्ट इतकी वर्षं टिकली यावर उदगीरात कुणी विश्वास ठेवणार नाही. घरात माझ्या जिभेला लाल डबा म्हणतात. थांबा आला तरी थांबत नाही.

गोष्ट वीरेशची. माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. कापडाचं दुकान, एकत्र घर, एकच चूल. माझा सचिन आणि तो बरोबरीचे. वीरेश एकदा ऐकलेलं विसरायचा नाही. सचिनला — लेकरू माझंच, म्हणून सांगते — दुपारी काय जेवलो ते संध्याकाळी आठवायचं नाही. पाहुणे यायचे आणि वीरेशच्याच डोक्यावरून हात फिरवायचे. मला काय व्हायचं? तव्यावरची भाकरी करपायची, एवढंच सांगते.

वीरेश बोलताना अडखळायचा. माझे दीर अडखळतात, सासरेही अडखळायचे. पण पोराचं अडखळणं कमीच होतं — शब्द उंबऱ्यापर्यंत येऊन जरा थबकायचा. वाट बघितली की यायचा बाहेर. मी वाट बघत नव्हते. तो 'प-प-' म्हणाला की 'पाणी? पेन? पापड? बोल की बाबा लवकर.' सगळे हसायचे. मी मदत करते, असं म्हणायचे. मदत होती का ती? सचिन अडखळला असता तर केली असती का?

उन्हाळ्यात तो हदगावला आजोळी जायचा. एकदा त्याच्या मामाचा फोन मीच घेतला. "काय हो ताई, पोरगं अडकतंय म्हनता? इथं तर दिवसभर बोलून राहिलं. आमालाच बोलू देईना."

रक्त तेच, पोरगं तेच. घर तेवढं वेगळं. मला त्या क्षणी कळलं — कळलं नाही असं आता कसं म्हणू? जावेनं विचारलं, "काय म्हणत होता दादा?" म्हटलं, "काही नाही, तिकडं ऊन लई आहे." वीरेश परत आला आणि मी पुन्हा सुरू झाले.

मग त्याचं लग्न. सचिनची सोयरीक तेव्हा नुकतीच मोडली होती. मांडवात बायकांनी वीरेशला नाव घ्यायला लावलं. अडखळणारा माणूस अवघड शब्द टाळून दुसरा वापरतो. पण उखाण्याच्या शेवटी येणारं बायकोचं नाव कसं टाळणार? बाकीचा उखाणा त्यानं ठेक्यात, उताराला लागल्यासारखा म्हटला. शेवटाला ओठ 'प'वर मिटले. नवरी त्याच्याकडे बघत शांत उभी होती. तिला घाई नव्हती. नाव येतच होतं.

"पल्लवी," मी म्हणाले. मांडवभर ऐकू जाईल असं.

हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "बापावरच गेलाय. रक्तच तसं." मी मान डोलावली. त्या रक्ताच्या आड मी फार वर्षं आरामात बसले. आज दुकानात वीरेश खाली मान घालून कापड मोजतो आणि गिऱ्हाइकाशी सचिन बोलतो. मला हेच हवं होतं ना? मग बघवत का नाही?

आता वीरेशची चार वर्षांची चिऊ अडखळायला लागली आहे. परवा तिला घेऊन आम्ही नांदेडला, बोलण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अडखळण्याचा कल रक्तातून येतो. पण तो किती त्रास देणार, यात घराचाही वाटा असतो." मग वीरेशकडे वळून विचारलं, "तुमच्या लहानपणी घरात कुणी घाई करायचं का? तुमचं वाक्य कुणी पुरं करायचं का?"

वीरेशनं मान वर केली. माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघितलं. "का-का-" त्यानं सुरुवात केली.

"छे, कुणीच नाही," मी म्हणाले.

त्यानं तोंड मिटलं. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. चिऊ माझ्याच मांडीवर होती.

काकू. त्याला काकू म्हणायचं होतं. आयुष्यात त्याचा तेवढा एकच शब्द मी पुरा केला नाही.