बहनजींचे यजमान

भय्यासाहेब खांबेट्यांचे पणजोबा शिंदे सरकारच्या दप्तरात होते. भय्यासाहेबांची सगळी कर्तबगारी या एका वाक्यात संपे, आणि हे वाक्य ते भेटेल त्याला ऐकवत. त्याच पुण्याईवर त्यांना उज्जैनच्या कचेरीत खुर्ची मिळाली होती. इंग्रजी चौथीपुढे काही ते सरकले नाहीत. दोष अर्थात मास्तरांचा.

संस्थानं विलीन झाली, मध्यभारत हे नवं राज्य झालं. सगळीकडचे नोकर एकत्र करताना नव्या साहेबाने मॅट्रिकचं सर्टिफिकेट मागितलं. भय्यासाहेबांनी पणजोबा सांगितले.

"वो तो ठीक है," साहेब म्हणाला, "आपका क्या है?"

परीक्षा द्या, नाहीतर खालच्या जागेवर बसा, असं ठरलं. भय्यासाहेबांनी राजीनामा दिला आणि आम्हा शेजाऱ्यांना सांगितलं, "आम्हीच त्यांना सोडलं."

मग व्यापार. फ्रीगंजात दुकान घेतलं आणि त्यात विकायला ठेवल्या दरबारी पगड्या! दरबार गेला होता, पगडी घालणारे टोपीवर आले होते. समोर एक सिंधी निर्वासित जमिनीवर चादर पसरून तयार सदरे विकायचा. तो येणाऱ्याला "आओ साईं" म्हणे. भय्यासाहेब आपल्याकडे येणाऱ्याला कूळ विचारत. वर्षभरात सिंध्याने चादर गुंडाळली आणि दुकान घेतलं. भय्यासाहेबांचंच.

घर चालेना, तेव्हा त्यांच्या पत्नीने, कुसुमवहिनींनी, मॅट्रिकची पुस्तकं आणली. लग्नाआधी त्या सातवी झालेल्या.

"चूल फुंकणारी आता भूमिती सोडवणार!" भय्यासाहेब ओसरीवरून आम्हाला ऐकू जाईल असं हसले.

"चुलीवर काय ठेवू, ते तुम्ही सांगा. मग पुस्तक मिटते," वहिनी म्हणाल्या.

त्या पास झाल्या, मुलींच्या शाळेत लागल्या. बायको पास होते म्हणजे पेपर सोपेच असणार, या हिशेबाने भय्यासाहेबही परीक्षेला बसले आणि गणितात साफ झोपले.

"अहो, संध्याकाळी माझ्याजवळ बसत जा. जमेल तुम्हाला."

"बायकोकडून शिकू? खांबेटे आहोत आम्ही!"

ते शिकले नाहीत. शिक्षणात रस्ता बंद, तेव्हा राजकारण उरलं. नगरपालिकेला ते उभे राहिले. टावर चौकातल्या सभेत पणजोबांपासून सुरुवात केली आणि आजोबांपर्यंत पोचायच्या आत एका टांगेवाल्याने विचारलं, "भाईसाब, हमारी गली में नल कब आएगा?"

"हमारे घराने से ऐसे सवाल नहीं पूछे जाते!"

"तो फिर वोट भी मत पूछो," टांगेवाला म्हणाला. सभा हसत हसत पांगली. अनामत रक्कम जप्त झाली.

पुढच्या निवडणुकीला 'तुम्हीच उभ्या राहा' म्हणत मोहल्ल्यातल्या बाया वहिनींकडे आल्या. भय्यासाहेब मध्येच म्हणाले, "आधी आमची परवानगी लागेल."

"त्या तुम्हाला विचारायला आलेल्या नाहीत," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. बायांना मात्र हसू आवरेना.

वहिनी, म्हणजे आता साऱ्या मोहल्ल्याच्या बहनजी, निवडून आल्या. नळही आला. आता दारात कुणी आलं की भय्यासाहेब पुढे होत, "बोलो, हम हैं ना." लोक म्हणत, "आप बैठो, बहनजी को बुला दो." हे रोज ऐकून ऐकून एके दिवशी ते पाटी घेऊन मुकाट्याने वहिनींसमोर बसले. मी ते खिडकीतून पाहिलं. अपूर्णांकाशी झटताना त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

तिसऱ्या श्रेणीत ते मॅट्रिक पास झाले, तेव्हा मध्यभारतही उरलं नव्हतं. राजधानी भोपाळला गेली होती आणि सरकारी नोकरीचं त्यांचं वय उलटलं होतं. "तुझं वजन खर्च कर," ते वहिनींना म्हणाले. वहिनींनी त्यांना अर्ज करायला सांगितलं.

शेवटी दौलतगंजातल्या एका धान्याच्या शेटजींकडे ते कारकून झाले. "पहले काम देखेंगे," असं शेटजींनी तोंडावर सांगितलं होतं. काम पाहिलं, ठेवून घेतलं. जन्मात प्रथमच एखादी जागा त्यांनी स्वतःच्या जोरावर मिळवली होती. अभिमानाने सांगावी अशी ती एकच गोष्ट. पण तीही त्यांना कळली नाही. मोहल्ल्यात ते सांगत, "शेटजींना आमच्या सल्ल्यावाचून चालत नाही."