दोनदा नको म्हटलेली दोन लाखांची नोट

आधीच सांगते, माझ्या मूर्खपणावर हसायचं तर मनसोक्त हसा. माझं रडून झालंय!

दुबई मरीनाच्या एका हॉटेलात मी आणि दिलनोझा हाउसकीपिंगला. ती उझबेकिस्तानची, मी वसईची. बोलणार कशात? मोडक्या हिंदीत! पण माझ्या ऑपरेशनच्या वेळी माझ्या ड्युट्या हिनेच केल्या, माझ्या पोरीला रोज जेवू घातलं. सख्खी बहीण तरी एवढं करते का?

तिची आई आजारी पडली आणि बाई कायमची घरी निघाली. मी खाली टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. तर हिने पर्समधून करकरीत नोट काढून माझ्या हातात कोंबली.

"फिलू, ये तुम रखो."

बघते तर काय, दोन लाख! अहो, ती शून्यं बघून माझे डोळेच फिरले. मनातल्या मनात वसईच्या घरावर नवे पत्रेसुद्धा चढवले मी!

पण आमच्या आईची शिकवण अशी की कुणी पैसे दिले तर लगेच हात पसरायचा नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं.

"अरे, नहीं नहीं!"

"प्लीज, रखो ना."

"नहीं बाबा, पागल है क्या?"

झालं माझं दोनदा! आता ती परत म्हणणार आणि मी लाजत लाजत घेणार. हात अर्धा पुढेसुद्धा केला. तेवढ्यात ड्रायव्हर घाई करत ओरडला, "यल्ला मॅडम, यल्ला!"

दिलनोझाने माझ्याकडे बघितलं, नोट पर्समध्ये टाकली आणि गाडीत बसली. गाडी गेली. माझा हात तसाच!

घरी लेकीने उझबेकिस्तानच्या दोन लाखांचा भाव फोनवर बघितला. "मम्मा, इट्स ओन्ली सिक्स्टी दिरहम्स!"

म्हणजे जेमतेम चौदाशे रुपये. हात्तिच्या! बरं झालं नाही घेतली, असंही म्हणून मोकळी झाले मी.

काही दिवसांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. "फिलू, वो नोट इधर चलता है, इसलिए दिया था. तुम मेरे घर आना, मेरे साथ बाजार में खर्च करना. तुम 'नहीं' बोली. ठीक है, मैं समझ गई."

लगेच फोन लावला. "अगं, मैं तो लेनेवाली थी! तीसरी बार बोलती तो!"

ती म्हणाली, "मेरी दो बार की ही हिम्मत थी."

"मैं आ जाऊं तेरे घर?"

"नहीं नहीं, तुमको तकलीफ होगा."

"सच में आती हूं!"

"नहीं फिलू, रहने दो."

आणि तिने फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, हे तिचं खरंच नको, की आमच्या आईने शिकवलेलं? तिसऱ्यांदा विचारायचं म्हणून रोज फोन हातात घेते, आणि परत ठेवून देते.