आक्काच्या पायाला पटंल अशी जमीन

फरशी बसवणाऱ्याचं सगळं काम उकिडवं बसून. आन् उभ्या माणसाला बसलेला माणूस दिसत न्हाई, हा माझा अनुभव. घरची माणसं आमच्या डोक्यावरून खुशाल भांडतात, आम्ही खाली ठोकठोक करत सगळं ऐकून राह्यतो. असे किस्से इतके साठलेत की बायको म्हणती, तुमच्या पोटात चुन्यापेक्षा लोकांच्या भानगडीच जास्त गेल्यात. आज एकाच घराचे सांगतो. निजामाच्या राज्यातलं, जालन्यात मस्तगडाला एका वकिलानं नवं घर बांधलं, तिथले.

काम घेतलं आमच्या चांद उस्तादांनी. मी त्यांच्या हाताखालचा गवंडी. वकीलसाहेबांची बायको बाळंतपणाला माहेरी गेल्ती. ती लेकरू घेऊन यायच्या आत घर तयार पाहिजे आन् हसनाबादची आक्का कायमची घरात पाहिजे, एवढाच साहेबांचा हट्ट. आक्का म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर हिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. पण आक्का सरळ कुठं ऐकती? ती म्हणाली, "जमीन माझ्या पायाला पटली तर राहीन. न्हाई तर काम संपल्यावरच्या सोमवारी गाडी जुंपून परत." आन् पारख करायला आमच्या कामावरच येऊन बसली.

०००

बैठकीसाठी साहेबांनी मुंबईहून फुलाफुलांच्या रंगीत टाइल्स मागवल्या. जालन्यात अशी जमीन फार लोकांनी पाहिलेली नव्हती. पहिलेच पक्षकार आले ते आष्टीचे एक पाटील. त्यांनी जोडे काढले, पाय धुतले, आन् भिंतीला पाठ लावून कडेकडेनं सरकत गादीकडं निघाले. त्यांना वाटलं, गालिचा अंथरलाय!

साहेब म्हणाले, या की मधून. पाटील जागचे हलले न्हाईत. म्हणाले, "नको साहेब. केस हरलो तर धुलाईचा खर्चा माझ्याच नावावर टाकाल."

आक्का दारातून बघत होती. ती म्हणाली, पाहुणा जिथं भिंत धरून चालतो तिथं मी कुठून चालू? साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

०००

न्हाणीला शहाबादी फरशी. तिथं सगळा खेळ ढाळाचा. साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं की पाणी उत्तरेला जावं. पण गटार दक्षिणेला, उत्तरेला माजघर. साहेब म्हणाले, तुम्ही ढाळ द्या, नाली मंग काढू. उस्तादांनी एकदाच सांगून पाहिलं, "साब, पानी अदालत का हुकूम नै मानता." मंग सांगितला तसा ढाळ देऊन टाकला.

पहिल्या आंघोळीला साहेब डोक्याला साबण फासून बसले, आन् पाणी गेलं थेट माजघरात. तिथं आक्कानं निवडायला गहू पसरले होते. आरडाओरडा ऐकून साहेब फेसासकट, पंचा सावरत बाहेर आले. आक्का ओले गहू टोपल्यात भरत होती. म्हणाली, "बरं झालं, कुरडयांना भिजवायचेच होते. हसनाबादला जाऊन करते आता."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी सगळी फरशी उखडून ढाळ फिरवला.

०००

स्वयंपाकघराची फरशी उस्तादांनी तीन दिवस पाणी टाकून घासली. तोंड बघून भांग पाडावा अशी पॉलिश. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तं काय, आक्कानं पहाटेच उठून सगळी फरशी शेणानं सारवून ठेवली होती! वर बोटांच्या सुरेख रेघा, कडंनं रांगोळी. सारवल्याबिगर चूल पेटवायची कशी, हे तिचं म्हणणं.

उस्ताद उंबऱ्यावर मटकन बसले. मला हसू आवरंना, मी तोंडात गमजा कोंबला.

दगडावर शेण काय टिकणार? जेवणाच्या वेळेपर्यंत पोपडे सुटले, आन् एक साहेबांच्या पिठल्यात आला. अदालतीत समोरच्या वकिलाला फाडून खाणारा माणूस, पण आक्का समोर बसल्ती. त्यांनी तो घास गिळला आन् पिठलं झकास झालंय म्हणाले.

०००

शेवटी ठरलं, आक्काच्या खोलीला मातीचीच जमीन करायची. उस्तादांना हे बिलकुल आवडलं न्हाई. दगडातला कारागीर मी, माती काय ठोकू, म्हणाले. तरी साहेबांसाठी माती ठोकायचं धुम्मस हातात घेतलं. आक्का पाटावर बसून चुका काढायला लागली. पाणी जास्त झालं, भुसा कमी पडला, ठोका तिरपा बसतोय.

उस्ताद तापले. तीस वर्षं हे काम करतोय म्हणाले. आक्का म्हणाली, "दगडाचं." मंग पदर खोचून ती स्वतःच चिखल तुडवायला उतरली. आठ दिवसांत अशी गत झाली की उस्ताद दर हातभर जमिनीला थांबून विचारायचे, "आपा, बराबर है?" आन् आपा म्हणायची, अजून कच्ची हाय. शेवटी वरचं पहिलं सारवण तिनंच केलं.

०००

सोमवार उजाडला. दारात गाडी जुंपलेली. आक्का खोलीत अनवाणी फिरली, बसली, हात टेकून उठली. जमीन चांगली झाली म्हणाली. "पण रे, घर का एका खोलीचं असतं? बाकी ठिकाणी मी पाय कुठं ठेवू?" आन् गाठोडं उचलून निघाली.

साहेब दारापर्यंत मागं गेले. एवढा मोठा माणूस, डोळे भरून आल्ते.

तेवढ्यात उस्ताद आडवे आले. म्हणाले, "जाव आपा, खुशी से जाव. पण मातीची नवी जमीन हाय. पहिला हात ज्यानं फिरवला, त्यानंच सालभर दर आठ दिवसाला सारवावं लागतं. हात बदलला की फाटती."

मी उस्तादांकडं बघतच राह्यलो. मातीचा असला नियम मी कधी ऐकला नव्हता, आन् तो ते सांगून राह्यले होते मातीतल्या आक्काला!

आक्कानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मंग गाठोडं खाली ठेवलं आन् गाडीवाल्याला म्हणाली, "बैल सोड रे बाबा. उस्तादांच्या जमिनीला भेग पडंल."