हिराबाईंचा अर्ज आणि बाराचा टोल

विषय : कोळीवाड्यालगतची सरकारी वाळूची पट्टी बोंबील वाळवण्यासाठी मिळण्याबाबत.
अर्जदार : हिराबाई, धंदा मासळी.
संदर्भ : कचेरीतील चालू क्षणावर लक्ष ठेवण्याचा उपक्रम.

विषयाचा आणि संदर्भाचा संबंध काय, असं कोणीही विचारील. तोच सांगायला बसलोय. कचेरीत किस्से कागदांसारखेच साठतात. फरक एवढाच, की कागद मागितला तर सापडत नाही आणि किस्सा न मागता हाती येतो! तालुक्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. जिल्हा तेव्हा कुलाबा होता आणि स्वराज्य नवं होतं, एवढं पुरे.

*

आमचे अव्वल कारकून नाना एकदा पालीला गणपतीच्या दर्शनाला गेले आणि येताना देवळातल्या प्रवचनाचा प्रसाद घेऊन आले.

"भूतकाळ मेलेला. भविष्यकाळ जन्मलेला नाही. आत्ताचा श्वास तेवढा खरा!" नानांनी सोमवारी जाहीर केलं.

मी विचारलं, "मग कपाटातली जुनी प्रकरणं?"

"मेलेली!"

"आणि उद्या प्रांतसाहेब तपासणीला येणार आहेत, ते?"

"जन्मलेलेच नाहीत!"

प्रांतसाहेब मंगळवारी सकाळी अकराला जन्मले. संध्याकाळी पाचपर्यंत आमच्यातलं कोणी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

*

तरी नानांनी नियम केलाच. कचेरीच्या ओसरीवर पितळेचा तास टांगलेला होता. धोंडू शिपाई दर तासाला त्यावर टोल द्यायचा. पहिला टोल पडला की सगळ्यांनी डोळे मिटायचे, हातातलं असेल ते खाली ठेवायचं आणि टोल संपेपर्यंत फक्त श्वासाकडे बघायचं. एक वाजता सोपं जाई. बारा वाजता अर्धी कचेरी डुलक्या काढी.

एकदा दुपारी एकला दोन टोल पडले. समोरच्या शाळेची मधली सुट्टी तिथंच आटोपली. हेडमास्तर तणतणत आले.

नानांनी विचारलं, "धोंडू, एक वाजता दोन टोल?"

"पहिल्याला माझं ध्यान नव्हतं, नाना," धोंडू हात जोडून म्हणाला, "म्हणून परत दिला!"

*

माझीही गत वेगळी नव्हती. जिल्ह्याला जाणारं पत्र मी सुवाच्य अक्षरात उतरवत होतो. टोल पडला. मी डोळे मिटले, टाक मात्र कागदावरच टेकलेला राहिला. चार टोल होईपर्यंत तिथं पावलीएवढा डाग पडला.

मामलेदारांनी सही करताना विचारलं, "हे काय?"

मी म्हटलं, "साहेब, चालू क्षण."

पत्र मी पुन्हा लिहिलं. तीन वेळा.

*

नाना स्वतः मात्र पक्के. चौलला बहिणीकडे निघाले, तर एस.टी.त डोळे मिटून श्वासावर बसले. कंडक्टरने हलवलं.

"अहो काका, चौल मागं गेलं!"

"गेलं ते गेलं," नाना डोळे न उघडता म्हणाले.

"मग रेवदंड्यापर्यंतचं तिकीट काढा!"

नाना उतरून चालत मागे आले. बहिणीला म्हणाले, प्रत्येक पाऊल नीट अनुभवलं. बहीण म्हणाली, "नाना, वहाण एकच आहे पायात."

*

आता अर्जदार. हिराबाई दर बाजाराच्या दिवशी मासळी विकून, रिकामी पाटी काखेला लावून नानांच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. नवरा बुडाल्यापासून घर त्या बोंबलांवरच चालवीत होत्या. त्या पट्टीवर त्यांनी काठ्या रोवून दोऱ्या बांधल्या, की शेजारच्या वाडीवाल्यांना वास यायचा आणि तलाठी काठ्या उपटायला लावायचा. कागद हातात असता तर कोणाची हिंमत नव्हती.

नाना अर्जाऐवजी त्यांना उपदेश द्यायचे. "हिराबाई, मन एका जागी ठेवायला शिक. बघ, केवढी शांती मिळते!"

"माझा मन एकाच जागी हाय, नाना. कावल्यावर! जरा हलला का बोंबील गेलाच."

नानांच्या प्रवचनकारांनी कावळ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

*

दोन वर्षं गेली. मग तलाठ्याने निर्वाणीचं सांगितलं : दिवाळीपर्यंत कागद दाखवा, नाहीतर काठ्या कायमच्या काढा. हिराबाई घाईने कचेरीत आल्या आणि आम्ही पहिल्यांदाच अर्ज शोधू लागलो. आवकबुकात नोंद होती, अर्ज नव्हता. तीन दिवस कपाटं उपसली. नाना घामाघूम.

"अर्ज माझ्या हातात दिलेला आठवतो," ते म्हणाले, "तेवढ्यात टोल पडला. श्वाससुद्धा आठवतो, थंड होता. पुढचं नाही."

खिडकीतून हिराबाई म्हणाल्या, "त्या गनपतीच्या तसबिरीमागं हाय की!"

धोंडूने तसबीर काढली. मागून धुळीने माखलेला अर्ज निघाला.

"अगं, मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"बारा वाजलं व्हतं. तुमी डोलं मिटून, श्वास धरून, हलूच तथं ठेवलाव. मना वाटला, सरकारात अर्ज पयले देवाला दाखवतान!"

*

नानांनी तिथल्या तिथे शिफारस लिहिली. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत काठ्या हलवू नयेत, असं एक वाक्यही घातलं. सहीसाठी टाक बुडवला आणि ओसरीवर धोंडूने हातोडा उचलला. बारा!

पहिला टोल पडला तशी हिराबाईंनी पाटी खाली टाकली आणि खिडकीतून हात घालून अर्जावर पंजा दाबला.

"आता डोलं मिटा, नाना. मी धरलाय कागूद."

आम्ही सगळे डोळे मिटायचे विसरलो. बाराही टोल हिराबाई नानांच्या हाताकडे बघत होत्या आणि नाना हिराबाईंच्या डोळ्यांकडे. पापणी कोणाचीच हलली नाही. बारावा टोल विरला, हिराबाईंनी हात उचलला आणि नानांनी सही केली.

त्यानंतर नानांनी टोलाच्या नियमाचं पुन्हा कधी नाव काढलं नाही.

अर्ज जिल्ह्याला गेला. दोन वर्षं तो कोठे होता, याचा खुलासा तिथल्या साहेबांनी मागवला. नानांनी "श्रीगणपतीच्या तसबिरीमागे" असा दिला. त्यावर उत्तर नाही. पहिली दोन स्मरणपत्रं नानांनी पाठवली, तिसरं माझ्या निवृत्तीच्या दिवशी मी.

काठ्या जागेवर आहेत. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.