कडी लावली, बैल आत

आमची थोरली सून हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बॉयलर सांभाळायची. चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले, सगळं वाफेवर. लग्न होऊन घरात आली तेव्हा मी विचारलं, "पोरी, एवढ्या धुडाची भीती नाही वाटत?" म्हणाली, "वाटते ना बाबा. म्हणून तर ते अजून फुटलं नाही." या उत्तरावर मी इतका खूष झालो की अर्ध्या गल्लीला सांगून आलो. उरलेल्या अर्ध्या गल्लीला माझ्या धाकट्या मुलानं सांगितलं, मी किती जणांना सांगितलं ते.

गेल्या वर्षी वाफेच्या नळाचा सांधा सुटला. तिचं कोपर तेवढं भाजलं. जखम भरली, भीती काही भरून येईना. कामावर जाणं सुटलं, मग भाजीला जाणं, मग गच्चीवरसुद्धा. कुकरची शिट्टी झाली की कपाटाला पाठ लावून उभी. दाराची कडी लावायची, हलवून बघायची, चार पावलं जाऊन परत येऊन हलवायची. धाकटा चिडवायचा, "वहिनी, कडी झिजेल हो!"

त्याच धाकट्यानं तिला कॉम्प्युटरवरचा राक्षसांच्या झुंजीचा खेळ शिकवला. दोघांकडे तीन-तीन राक्षस. पडद्यावर एकेक समोर, बाकीचे मागे. दोघांनी आपापली चाल गुपचूप दाबायची, मग दोन्ही एकदम घडतात. इतर लोक नुसती हाणामारी खेळतात. सूनबाईची तऱ्हाच वेगळी. तिची गोगलगाय ढाल धरते, बेडूक विष भिनवतो, आणि लाडका कोळी जाळं टाकतो. जाळ्यात सापडला त्याला मागे फिरता येत नाही, आणि जाळ्याचा चिकटा त्याला दर चालीला थोडं थोडं शोषत राहतो. मारण्यापेक्षा मारू न देण्यावर सगळी भिस्त. धाकटा याला 'कंट्रोल' म्हणतो. मी म्हणतो, बाई अजून बॉयलरच सांभाळतेय.

रविवारी गल्लीपलीकडच्या हॉलमध्ये या खेळाचे संघांचे सामने होत, आणि धाकट्याच्या संघात तिचीही एक खुर्ची होती. सूनबाई उंबऱ्याबाहेर पडायची ती तेवढ्यासाठीच.

त्या रविवारी वाटेत धाकटा म्हणाला, "वहिनी, आज हरलात तर तुमच्या जागी दुसरा घ्यावा लागेल. संघातले ऐकत नाहीत. म्हणतात, तुमचा डाव म्हणजे झोपेची गोळी." तो हसला. मी मनात म्हटलं, ही खुर्ची गेली की आठवड्यातून एकदा उघडणारं दारही बंद!

समोर एक दाढीवाला बसला. त्याच्याकडे हंड्या नावाचा राक्षस होता. घागरीएवढं पोट, आणि सोंडेतून वाफ सोडायचा. स्पीकरमधून ती फुसफुस आली की सूनबाईचा हात आपोआप कोपरावर जायचा. तिचा बेत सरळ होता. दाढीवाल्यानं समोर कासव ठेवलंय तोवर त्यालाच जाळ्यात अडकवायचं, म्हणजे हंड्या मागेच राहील. पण भीतीला दम कुठला? पहिल्याच चालीला तिनं जाळं दाबलं. त्याच चालीला दाढीवाल्यानं कासव मागे घेऊन हंड्या पुढे केला. जाळं पडलं ते हंड्यावर.

"थँक्यू हो ताई," दाढीवाला म्हणाला. "दार तुम्हीच लावलंत."

आमच्या गावच्या शाळेत असंच झालं होतं. बैल उधळला म्हणताना मास्तरांनी आम्हाला आत ओढून धाडकन कडी लावली. वळून बघतात तर बैल फळ्यापाशी! घरात हे मी इतक्यांदा सांगितलंय की भिंतींनाही पाठ झालं असेल.

"कोळी मागे घ्या वहिनी, जाळं सुटेल!" धाकटा कुजबुजला.

"हंड्या सुटला की पुन्हा कधी पुढ्यात येईल, सांगता येईल तुम्हाला?" ती म्हणाली. तेवढ्यात पहिली वाफ आली. कोळ्याचा जीव केसभर उरला. सूनबाईनं डोळे मिटले. मला वाटलं, उठते आता.

उठली नाही. मला हळूच म्हणाली, "बाबा, बैलाचं शेवटी काय झालं होतं?"

"काय होणार? नाचला, दमला, बसला."

तिनं मान हलवली.

या खेळात हंड्याच्या वाफेसारख्या मोठ्या फुंकरा मोजक्याच मिळतात; संपल्या की संपल्या. सूनबाई हंड्याला गुंगी द्यायची. तो जागा होईलसं वाटलं की कोळ्याभोवती कोष विणायची. वाफ कोषावर आपटून वाया जायची. पण कोष लागोपाठ दोनदा टिकत नाही, आणि गुंगी कधी लागते, कधी हुकते. दर चालीला मी जीव मुठीत धरून. एकदा गुंगी हुकली आणि वाफही कोळ्याच्या डोक्यावरून गेली.

"अहो, मारा की एकदा तरी!" दाढीवाला खेकसला.

"मी मारत नाही. मी नुसती बसलेय."

मग हंड्यानं सोंड उचलली आणि काहीच आलं नाही. कोरडी. जाळं त्याला शोषत राहिलं. तो आडवा झाल्यावर बाकीच्या दोघांना बेडूक पुरून उरला.

"वहिनी, खुर्ची तुमची!" धाकटा ओरडला. सूनबाई हसली नाही. म्हणाली, "बाबा, उद्या धुलाईखान्यापर्यंत येता माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी बॉयलरच्या खोलीबाहेर तिचा चेहरा पांढराफटक पडला. आत वाफ फुसफुसत होती.

"मी येतो आत," मी म्हणालो.

"नको. मग मला तुमचीच काळजी."

ती आत गेली. आतून कडी लागली. मी लोखंडी दाराला हात लावला. गरम लागलं. आता ती कडी हलवून बघेल, मग पुन्हा येऊन हलवेल, म्हणून मी कान लावून उभा राहिलो. कडी हलली नाही. नुसती वाफ ऐकू येत होती.