चासीवरचे तीन ठिपके

कंपनीच्या पत्रासोबत एक फोटो होता. गाडीच्या पोटाखालून काढलेला, चिखल पुसून, चांगल्या उजेडात. त्यात तांबड्या रेघेनं एक गोल काढला होता आणि गोलाच्या आत वेल्डिंगचे तीन ठिपके होते, दोन खाली, एक वर. ते ठिपके माझे. माझ्या मुलीनं तो फोटो मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "आप्पा, वॉरंटीचा क्लेम नामंजूर झालाय. गाडीत बदल केलाय म्हणतायत. तुम्ही बघा जरा."

मी सोलापुरात होटगीच्या रस्त्याला पिकअपचे आणि टेम्पोचे हौदे बांधतो. शोरूममधून गाडी येते तेव्हा तिचा मागचा हौदा सगळ्यांसाठी एकच मापाचा असतो. मग ज्याला जे वाहायचं त्याप्रमाणे आम्ही तो उंच करतो, लांब करतो, शेळ्यांसाठी जाळी बसवतो, दुधाच्या कॅनसाठी दोन मजले करतो. चाळीस वर्षं हेच करतोय. ज्या उस्तादाकडं शिकलो त्यानं सांगितलं होतं की काम पुरं झालं की आपली खूण टाकायची, पण आडोशाला. गाडी गिऱ्हाईकाची असते. माझी खूण हे तीन ठिपके, एरवी हौद्याच्या तळाला. नातेपुत्याच्या बाजारात एखादा टेम्पो उभा दिसला की मी चपलेचा अंगठा सारखा केल्याचं सोंग करून वाकतो आणि खाली बघून घेतो. बायको म्हणते, लोक देवळात वाकतात, हे टेम्पोसमोर वाकतात.

क्लेम नामंजूर झालेली गाडी माझ्या व्याह्यांची होती. मुलगी मी माढ्याच्या बाजूला दिली आहे. जावई पुण्यात नोकरीला, मुलगी सध्या सासरीच, आणि व्याह्यांचा कडब्याचा व्यापार. ज्वारीची सुगी झाली की गावोगावचा कडबा घ्यायचा, गंजी लावायच्या आणि गोठेवाल्यांना पोचवायचा. सारा जन्म त्यांनी दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघण्यात काढला. साठी गाठल्यावर स्वतःची पिकअप घेतली, ती पूजा करून, हार घालून थेट माझ्या दारात आणली. "पाव्हणं, आता ही तुमच्या हवाली. तुमाला योग्य वाटंल तसं बांदा," म्हणाले.

मला केवढा आनंद झाला होता! मुलीच्या सासरची पहिली गाडी आणि ती माझ्या हातून रस्त्यावर उतरणार. मजुरीचं नावही काढू दिलं नाही. कडबा हलका, पण जागा फार खातो, म्हणून हौदा मागं दोन फूट वाढवला, बाजूंना पाईपचा उंच सांगाडा केला, मागं उघडणाऱ्या फाळक्याला जाड बिजागऱ्या लावल्या. सगळं झाल्यावर या वेळी चासीच्याच मागच्या टोकाला तीन ठिपके टाकले. गाडीसोबत कंपनीनं दिलेलं नियमांचं पुस्तक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. त्या चार दिवसांत मी त्याचा उपयोग चहाचा ग्लास ठेवायला केला.

दीड वर्षानं, ऐन सुगीत, मोडनिंबच्या अलीकडं गाडी मागून बसली. चासी, म्हणजे गाडीचा कणा, तडकली होती. गाडी उचलून सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला नेली. वॉरंटी अजून होती, त्यामुळं व्याही निर्धास्त. आठ दिवसांनी ते पत्र आलं.

मी तापट माणूस आहे. फोटो बघितला आणि हातातला ग्राइंडर बंद करायचंही भान राहिलं नाही. हल्ली कंपन्यांनी पत्रा पापडासारखा पातळ लावायचा आणि चिरला की बोट हौदेवाल्याकडं दाखवायचं, हे मी फार वेळा ऐकलं होतं. मुलीला फोन लावला आणि कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "आप्पा, भांडायच्या आधी एकदा गाडीखाली जाऊन बघा." मला तिचा रागच आला. लोखंडातलं मला ती शिकवणार!

दुसऱ्या दिवशी व्याही माढ्याहून आले. आम्ही दोघं सर्व्हिस सेंटरला गेलो. वॉरंटी बघणारे साहेब पस्तिशीचे, शांत स्वभावाचे. व्याह्यांनी माझी ओळख करून दिली ती अशी, "हे आमचं व्याही. चाळीस वर्सं हेच काम करत्यात. हे सांगतील ते खरं. तुमची कंपनी लबाड हाय." आजूबाजूला आठ-दहा गिऱ्हाईकं बसलेली. व्याह्यांचा आवाज आधीच गंजीवरनं हाक मारायच्या सवयीचा. ते साहेबांना चोर म्हणाले, मग चोरांचे नोकर म्हणाले. मीही मागं राहिलो नाही. साहेबांनी पाण्याचे दोन ग्लास पुढं केले आणि मला म्हणाले, "काका, गाडी लिफ्टवर आहे. तुम्ही जाणकार आहात, स्वतः बघून घ्या."

व्याही बाहेर थांबले. मी आत गेलो.

हौदा उतरवून बाजूला ठेवला होता. वर उचललेली ती उघडी चासी बघून मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मग मी चिरेवर बोट ठेवलं आणि बोट मागं मागं नेत गेलो. लोखंड जिथनं फाटायला सुरुवात होते तिथं ते आतून गंजलेलं असतं, कारण ती जागा सगळ्यात जुनी. पुढचा भाग ताजा, चमकणारा असतो. माझं बोट गंजलेल्या टोकापाशी पोचलं आणि थांबलं. ते टोक माझ्या वेल्डिंगच्या शेवटच्या टाक्याला चिकटून होतं. शेजारीच माझे तीन ठिपके होते.

मला दुसरं काहीही बघायची गरज नव्हती. "चासी कू आग नक्को दिखाव, बेटा," हे उस्तादानं पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. हौदा चासीला वेल्ड करायचा नाही, यू-बोल्टनं आवळायचा. गाडी खड्ड्यातनं जाते तेव्हा चासी थोडी पिळते, तिला तेवढं पिळू द्यावं लागतं. वेल्डिंगनं जखडली की ती जखडलेल्या जागेच्या कडेला तुटते. हे मी चाळीस वर्षं पाळलं. परक्याच्या एकाही गाडीला तिथं आग लावली नाही.

मग याच गाडीला का लावली? यू-बोल्ट महिन्या-दोन महिन्याला आवळावे लागतात. व्याह्यांना ते ध्यानात राहणार नाही, कडबा भरलेला हौदा कुठं तरी सरकेल, उगाच त्यांना ताप नको, माझ्या मुलीच्या घरच्या गाडीला जन्मात पाना लावायची वेळ येऊ नये, असं मला वाटलं. म्हणून मागचा वाढवलेला भाग चार टाके मारून चासीलाच जोडला, वर रंग लावला आणि खूश झालो. परक्याला नियम लावला आणि घरच्याला माया. त्या लिफ्टखाली उभं राहून मला स्वतःची एवढी चीड आली की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आलो. व्याही फाईल छातीशी धरून उभे होते. "काय पाव्हणं? लोखंडच हलकं हाय का न्हाय?"

गाडीचं काय व्हायचं ते होईल, पण या माणसाच्या घरात माझी मुलगी नांदते आणि या माणसानं माझं नाव सगळ्या माढा तालुक्यात मिरवलंय, हे माझ्यासमोर उभं राहिलं. "व्हय," मी म्हणालो. "हलकंच हाय."

एवढं बोलून गोष्ट संपेल असं मला वाटलं होतं. पण व्याही चहा पितानाच ग्राहक न्यायालयाचं बोलू लागले. मुलगी अर्ज लिहील, मी जाणकार म्हणून माझ्या वर्कशॉपच्या कागदावर सही-शिक्का द्यायचा, मग बघू कंपनी कशी नमत नाही. मी मान हलवत राहिलो. बिस्कीट चहात पडलं तेही काढलं नाही.

चार दिवसांनी मुलगी अर्ज घेऊन माहेरी आली. तिचं अक्षर सुरेख आहे, माझ्यावर गेलेलं नाही. "सदर चासीचे लोखंड मूळचेच निकृष्ट असून" असं तिनं लिहिलं होतं आणि खाली माझ्या सहीची जागा सोडली होती. तिनं पेन माझ्या हातात दिलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आप्पा, तुम्ही खाली जाऊन बघितलं होतं ना?"

तिला खरं कळलं होतं की नुसती शंका होती, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी पेनाचं टोपण लावलं आणि शर्ट बदलला. दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं माढ्याला गेलो. वाटेत ती खिडकीतनं बाहेर बघत होती आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. एकही कामाला आलं नाही.

व्याह्यांच्या अंगणापलीकडं कडब्याची गंज तशीच उभी होती, गाडी नाही म्हणून. गोठेवाले आता दुसऱ्याकडनं माल घेऊ लागले होते. व्याह्यांनी मला बघून खाटेवरची गोधडी सारखी केली. मी बसलो नाही.

"पाव्हणं, कंपनीचं लोखंड चांगलं हाय. चीर माझ्या वेल्डिंगपासनं निघालीय. तितं आग लावायची नसती, मी लावली. मला म्हाईत असून लावली."

त्यांनी विचारलं, "मंग त्या दिवशी व्हय म्हणला ते?"

"खोटं बोललो."

ते उठले आणि गंजीच्या मागं गेले. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्याही आत गेल्या. मुलगी उंबऱ्यावर उभी. माझ्या आयुष्यात मी अनेकांच्या शिव्या खाल्ल्यात, पण त्या दिवशी एखादी शिवी मिळाली असती तर बरं झालं असतं. गंजीमागनं नुसता कडब्याचा सळसळाट येत होता. ते उगाचच पेंढ्या हलवत असावेत.

बऱ्याच वेळानं ते आले. अंगावर कडब्याचा भुसा. "मी त्या साहेबाला धा मान्सात चोर म्हणलो," ते म्हणाले. "तो गप ऐकून घेत व्हता. पाणी दिलं त्यानं आपल्याला. माझ्या वयाला शोबलं न्हाय ते, पाव्हणं. हौद्याचं आपुन बगू. पर हे तुमच्यामुळं झालं."

"व्हय," मी म्हणालो. या वेळचं व्हय खरं होतं.

"मंग उद्या माझ्यासंगं चला. दोघांनी जाऊन सांगायचं त्याला."

त्या रात्री मला त्यांच्याकडंच ठेवून घेतलं. सकाळी आम्ही सर्व्हिस सेंटरला गेलो. व्याह्यांनी हात जोडले तसे साहेब खुर्चीवरनं उठलेच. मी सांगायचं ते सांगितलं. साहेबांनी चहा मागवला. क्लेम काही मंजूर झाला नाही, व्हायचाही नव्हता. नवी चासी कंपनीकडूनच बसवून घेतली, खर्च मी उचलला. व्याही त्यावर दोन दिवस भांडले, शेवटी मुलीनं त्यांना गप्प केलं.

हौदा बसवायला गाडी पुन्हा माझ्या दारात आली. या वेळी मी ते प्लास्टिकच्या पिशवीतलं पुस्तक काढलं आणि त्यातल्या दोन पानांचा फोटो मुलीला पाठवून ती फोनवर समजून घेतली. मागची दोन फूट वाढ कापून टाकली. चासीला आग दाखवली नाही. सहा यू-बोल्ट घातले, खाली रबराच्या पट्ट्या दिल्या. "कडबा कमी बसंल," मी म्हणालो. "आणि हे बोल्ट महिन्याला आवळावे लागतील. ध्यानात ठेवा."

"त्यात काय, दर अमुशाला नारळ फोडतोच की गाडीला. नारळ फोडायचा आन् तुमच्याकडं यायचं," व्याही म्हणाले.

मग त्यांनी किल्ली खिशात घातली, पण गाडीत बसले नाहीत. ते गाडीभोवती फिरले. मागं जाऊन गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चासीखाली बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"काय बगताय, पाव्हणं? पक्कं हाय सगळं."

"ठिपकं कुटं हायत?"

"या वेळी न्हाय टाकलं."

"का?"

लाज वाटत होती, हे सरळ सांगायला हवं होतं, ते जमलं नाही. ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. "मंग बाजारात लोकं इचारतील, हौदा कुणी बांदलाय म्हणून. काय सांगू? कुणी तरी बांदलाय म्हणू?"

मी वेल्डिंगचा होल्डर उचलला. चासीपासून लांब, फाळक्यावर, मागनं येणाऱ्या कुणालाही दिसेल अशा जागी दोन ठिपके टाकले. तिसरा जरा तिरका पडला. घासून नीट करावा म्हणून मी ग्राइंडरकडं हात नेला, तर व्याही म्हणाले, "ऱ्हाऊ द्या," आणि गाडीत बसले.