धायरीचा तक्रारदार

"तुमची जाहिरात आहे ना? मग तुम्हीच काढा. आमच्या माणसांनी हात लावला तर तुमच्याच भावना दुखावायच्या."

भर दुपारी डेपोच्या आवारात आमचे साहेब हे वाक्य बोलले. समोर तांबोळी सर उभे होते. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. सरांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि ते बसच्या मागे गुडघ्यावर बसले. नखांनी जाहिरातीचा कोपरा उचकटायला लागले.

उन्हाने चिकट पापुद्रा पत्र्याला धरून बसला होता. तो सलग निघेना, पट्ट्या पट्ट्यांनी निघत होता. चालक, वाहक, वर्कशॉपमधले फिटर सगळे बघत होते. कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "चाचा, जरा जोर लावा." सरांनी मान वर केली नाही. अंगठ्याच्या नखातून रक्त आलं, ते त्यांनी सदऱ्याला पुसलं.

मी त्यांच्यापासून चार पावलांवर फाइल छातीशी धरून उभा होतो. मी शहर बससेवेच्या जाहिरात विभागातला वरिष्ठ लिपिक. वय तेव्हा सत्तावन्न. आज एकाहत्तर आहे. ही चौदा वर्षं मी लोकांना सांगत आलो की त्या दिवशी मी फक्त बघत होतो.

हे खोटं आहे. आज ते दुरुस्त करतो आहे.

जाहिरातीत काय होतं ते आधी सांगतो. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं होती. "इस्लामबद्दल पुष्कळ ऐकलंत. आता विचारा. मराठीत बोलू." खाली सरांच्या घरचा फोन नंबर. बस एवढंच. मजकूर मंजूर होता, शिक्का होता, दहा बसच्या पाठीवर लावायची परवानगी होती. परवानगीचं पत्र मीच टाइप केलं होतं.

पत्र न्यायला आले तेव्हा मी सरांना विचारलं होतं, "हे कशासाठी, सर?"

ते म्हणाले, "बसमध्ये शेजारचा माणूस माझ्याशी छान गप्पा मारतो. मग नाव विचारतो. मग खिडकीबाहेर बघायला लागतो. त्याला काहीतरी विचारायचं असतं हो, पण तो विचारत नाही. मी म्हटलं, आपणच विचारा म्हणावं."

जाहिरात लागल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा आले. खुशीत होते. "पहिला फोन आला! एका बाईंनी विचारलं, शीरखुर्म्यासाठी खारीक रात्रभर भिजवायची का. आता हा प्रश्न धर्मात बसतो की स्वयंपाकात, तुम्हीच ठरवा." आम्ही दोघं हसलो. शिव्यांचे फोनही येत होते, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला नंतर कळलं.

सातव्या दिवशी पाच जण साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. जाहिरात काढा म्हणाले. साहेब म्हणाले, लेखी द्या. त्यांच्यातला एक म्हणाला, "लेखी कशाला? बसची काच फुटली की लेखी मिळालं असं समजा."

ते गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं.

आता आमच्या कार्यालयातली एक पद्धत सांगावी लागेल. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आवक नोंदवहीत चढवायचं, त्याला क्रमांक द्यायचा. ही नोंदवही माझ्याकडे होती. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदी संपल्या की खाली तीन ओळी कोऱ्या सोडायच्या, असा रिवाज होता. वरून कुणाचं पत्र मागची तारीख टाकून चढवायची वेळ आली तर जागा असावी म्हणून. मला हे माझ्या आधीच्या लिपिकाने शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. त्याला आम्ही सोय म्हणायचो.

साहेब म्हणाले, "पाच जणांची धमकी फाइलला लावता येत नाही. प्रवाशांच्या तक्रारी लावता येतात. परवाच्या तीन ओळी असतील ना मोकळ्या?"

मी म्हणालो, "साहेब, एकही तक्रार आलेली नाही."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मी धीर केला. म्हणालो, "आपल्या बसवर प्रवचनांच्या जाहिराती आहेत. देवस्थानांच्या सहलींच्या आहेत. मग ही एकच..."

साहेबांनी चष्मा काढला. सावकाश पुसला. आवाज अजिबात चढवला नाही.

"चौदा एप्रिलला तुमच्या लोकांचा अभिवादनाचा फलक असतो बसवर. त्याच्याविरुद्ध आजपर्यंत एक तक्रार आली का? का नाही आली, ठाऊक आहे? मी लिहवून घेतली नाही म्हणून."

केबिनमध्ये शिपाई होता, टंकलेखक बाई होत्या. दोघांनी खाली बघितलं.

छप्पन्न साली माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली. ते रेल्वेच्या यार्डात हमाली करायचे. मला घरी पाटीवर अक्षर गिरवायला लावायचे, रेघ वाकडी गेली की पुसायला लावायचे. माझं अक्षर देखणं म्हणून मला ती नोंदवही मिळाली होती. त्या अक्षराचा मला गर्व होता. त्या दुपारी माझ्या तोंडावर माझी लायकी फेकली गेली आणि मी काय केलं? खुर्ची ओढली आणि साहेबांसमोर बसलो.

तीन तक्रारी लिहिल्या. पहिली डाव्या हाताने. दुसरी तिरक्या अक्षरात. तिसरी मुद्दाम गिचमिड. एक सदाशिव पेठेतली गृहिणी. एक हिंजवडीला जाणारा नोकरदार. एक धायरीचा वयस्कर माणूस, ज्याने लिहिलं होतं, "या वयात असे काही वाचून मनास क्लेश होतात." नावं मनाची, पत्ते मनाचे. मग परवाच्या कोऱ्या ओळींत तिन्ही चढवल्या. साहेबांनी वाचलं आणि ते म्हणाले, "धायरीचा चांगला जमलाय."

मला ते कौतुक वाटलं. हेही लिहून ठेवतो. क्षणभर मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डेपोत सरांनी जाहिरात खरवडून काढली. साहेबांनी त्यांच्या हातात तिन्ही तक्रारींच्या झेरॉक्स ठेवल्या. "वाचा आणि समाधान करून घ्या."

सरांनी उभ्या उभ्या तिन्ही वाचल्या. मग माझ्याकडे वळले. "यांना मी उत्तर लिहिलं तर चालेल ना?"

मी म्हणालो, "तुमची मर्जी."

महिन्याभराने ते कार्यालयात आले. पिशवीतून तीन पाकिटं काढली. तिन्ही परत आली होती. पोस्टमनने शेरा मारला होता, पत्त्यावर असा इसम नाही. सर म्हणाले, "बाकी दोघांचं सोडा. पण या धायरीच्या गृहस्थांना क्लेश झाले आहेत. मी तिथे तीन वेळा जाऊन आलो. घरोघर विचारलं. या आडनावाची माणसं खूप आहेत हो, पण हे नाहीत. तुमच्याकडे दुसरा पत्ता असेल का?"

मी नोंदवही उघडली. माझ्याच अक्षरावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "एवढाच आहे, सर."

ते मला धन्यवाद देऊन गेले.

यंदा त्यांच्या मुलीने, रुबीनाने, तोच मजकूर बसवर लावण्यासाठी पुन्हा अर्ज केला. त्यावरून शहरात गदारोळ सुरू आहे. वर्तमानपत्रांत पत्रं येतात, सोसायट्यांच्या ग्रुपवर भांडणं होतात. कुणी म्हणतं सार्वजनिक बसवर कोणताच धर्म नको. कुणी म्हणतं सगळे चालतात, मग हाच का नको. प्रशासनाने हरकती मागवल्या आहेत, सुनावणी ठेवली आहे. आणि नकाराच्या बाजूने पुरावा काय, तर चौदा वर्षांपूर्वीच्या तीन तक्रारी.

आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर साहेबांनी लिहिलं, "सामान्य प्रवाशांनी तेव्हाच विरोध केला होता. रेकॉर्ड बोलतं." खाली अंगठे. फुलं. हात जोडलेले.

मी चष्मा लावून ते चार वेळा वाचलं. मग टाइप केलं, "त्या तिन्ही तक्रारी मी लिहिल्या. तुमच्यासमोर बसून. तुमच्या सांगण्यावरून."

मग एकाने सुप्रभातचं चित्र टाकलं. मग साहेबांचा फोन आला.

"अहो, वय झालं म्हणून काहीही लिहाल का? अक्षर तुमचं. नोंद तुमची. आत जाल."

"होय साहेब. तुम्हीही माझ्याबरोबर चला."

त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मी रुबीनाच्या घरी गेलो. सर सहा वर्षांपूर्वी वारले, हे मला तिथे कळलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. संपल्यावर तिने फक्त विचारलं, "म्हणजे धायरीचे ते तुम्ही?"

"हो."

"अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, त्यांनी घर बदललं असेल. भेटले असते तर समजले असते." मग ती म्हणाली, "त्यांनी तुम्हाला लिहिलेलं उत्तर आमच्याकडे आहे. ते तुम्हाला मिळणार नाही."

मी म्हणालो, "बरोबर आहे."

"आणि माफी मागू नका. सुनावणीत बोलणार असाल तर तेवढं सांगा."

माझा मुलगा म्हणतो, बाबा, आता कशाला? नातीच्या कॉलेजात सगळ्यांना कळेल. कळू दे. आजोबा काय होते ते तिला माझ्याकडून कळलेलं बरं.

साहेबांनी मला माझ्या जातीवरून नमवलं, हे खरं आहे. पण वाकल्यावर माझा पाय कुणाच्या पाठीवर पडला, हे बघायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. माझ्या अपमानाची सबब पुढे करून मी चौदा वर्षं सुखाने झोपलो.

शुक्रवारी सुनावणी आहे. मी माझं नाव, हुद्दा आणि पत्ता सांगेन. मग त्या तिन्ही तक्रारदारांची नावं मोठ्याने वाचेन आणि सांगेन की ही माणसं कधीच नव्हती. गुन्हा नोंदवायचा असेल तर तिथेच नोंदवून घ्या. जाहिरात लागेल की नाही, ते मला ठाऊक नाही. ज्यांना ती नको आहे त्यांनी खुशाल विरोध करावा. पण आपल्या नावाने करावा, समोर उभं राहून करावा. माझ्या अक्षरामागे लपून यापुढे कुणाला बोलू देणार नाही.